शोवेलमधली निळी खुर्ची

दिनकर खेडेकर यांचे गेल्या महिन्यात बहरीनमध्ये, मनामात हृदयविकाराने निधन झाले. सकाळची वेळ होती, आकाश कोरडे होते. त्यांच्या पत्नी सुलभावहिनींनी फोनवर बातमी दिली. मग विचारले, "त्यांची ती खुर्ची अजून यार्डातच आहे का हो?" त्या खुर्चीबद्दल मी आजवर लिहिले नव्हते. खेडेकरांची तशी विनंती होती. छापून आले असते तर त्यांची नोकरी गेली असती, नोकरीबरोबर व्हिसा... आणि मुलगी तेव्हा ईसा टाउनच्या शाळेत दहावीला होती.

खेडेकर मूळचे महाडचे. इथे एका कंत्राटदाराकडे सुपरवायझर होते. बहरीनमध्ये पाऊस पडतो तो हिवाळ्यात, आणि थोडाच. पण वादळ जोराचे आले की सपाट जमिनीवर पाणी तुंबते आणि कुठेही जात नाही. मग सरकारी यंत्रणा हलते. शाळा घरून भरतात, पोलीस भुयारी रस्ते बंद करतात, आणि नगरपालिकेचे व कंत्राटदारांचे टँकर पाणी उपसून नेतात. पहिल्या हिवाळ्यात खेडेकरांनी साहेबांना सांगितले होते, "जरा थांबू या. ओहोटी लागली की उतरेल." महाडला भरती-ओहोटीबरोबर पुराचे पाणी चढते-उतरते, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेले. इथे ओहोटी लागली, समुद्र मागे गेला, गल्लीतले पाणी तसेच राहिले. हा किस्सा ते स्वतःच सांगत. त्यामुळे ढग दिसला की ऑफिसात कुणीतरी विचारायचेच, "काय खेडेकर, ओहोटी कधी?" त्यांचे उत्तर ठरलेले असे. "टँकर आला की."

काही वर्षांपूर्वीच्या एका वादळात मी बातमीसाठी त्यांच्या ऑफिसात बसलो होतो. कामाचा क्रम वरून ठरून आला होता. आधी रुग्णालयांकडे जाणारे रस्ते, मग भुयारी मार्ग, मग मोठे चौक. गल्ल्या शेवटी. क्रम योग्यच होता, असे खेडेकर म्हणाले. तेवढ्यात मनामातल्या जुन्या वस्तीतून एका बहरीनी माणसाचा फोन आला. तो हिंदीत बोलत होता. त्याच्या आईचे त्या सकाळी डायलिसिस होते. आधीचा वार पावसामुळेच चुकला होता. गल्लीत कमरेएवढे पाणी होते आणि रुग्णवाहिका नाक्यावर अडकली होती. नागरी संरक्षण दलाची उंच गाडी दुसरीकडे लोकांना काढत होती. ती येणार होती, पण कधी ते कुणी सांगू शकत नव्हते. टँकर त्या अरुंद गल्लीत शिरत नव्हता.

नाक्यावर खेडेकरांचे एक शोवेल उभे होते. हे मातीकामाचे यंत्र, पुढे सुपासारखा मोठा लोखंडी डबा. त्यात माणूस बसवायचा नाही, असा कंपनीचा सक्त नियम. बसवला तर सुपरवायझर घरी.

त्यांनी वहिनींना फोन लावला. बोलणे मी ऐकले. "सुलभा, एक काम करतोय. उद्या बॅग भरायला लागली तर ओरडू नकोस." पलीकडून काही उत्तर आले. ते हसले, ऑफिसच्या व्हरांड्यातली निळी प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि पिकअपमध्ये टाकली. मी मागोमाग गेलो.

शोवेलचा पंजाबी ऑपरेटर तयार नव्हता. "साब, मेरा लायसन्स जाएगा."

"तो मैं भी बैठता हूँ. कोई पूछे तो मेरा नाम बोल."

खुर्ची डब्यात दोरीने बांधली. म्हाताऱ्या बाईंना मुलाने दारातून उचलून तीत बसवले. खेडेकर शेजारी उकिडवे बसले, हात खुर्चीच्या पायाला. "हज्जिया," इथे वडीलधाऱ्या बाईला म्हणतात तसे ते म्हणाले, "डरना नहीं." बाईंनी अंगावरचा काळा अबाया सावरला, त्यांच्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "तू डरता है. यल्ला, चलो." शोवेल चालत्या माणसाच्या वेगाने नाक्यापर्यंत आले. बाई रुग्णवाहिकेत गेल्या. त्यांचे डायलिसिस त्याच दिवशी झाले, हे मी रुग्णालयातून खात्री करून घेतले. खेडेकरांनी ऑफिसात फोन करून एवढेच सांगितले, "ओहोटी लागली."

मला एका गोष्टीचे कुतूहल होते. घाईत खुर्ची कशाला? मी नंतर विचारले. म्हणाले, "महाडला पुरात आत्याला होडीत उभी केली होती. ती इतकी थरथरत होती की होडी हलायला लागली. बसलेला माणूस कमी घाबरतो."

कुणीतरी गच्चीवरून काढलेला व्हिडिओ साहेबांपर्यंत पोचलाच. साहेबांनी बोलावून विचारले, "ये चेअर किसका है?" खेडेकर म्हणाले, "ऑफिस का है, सर. वापस लाया." नोकरी गेली नाही. का गेली नाही, हे मला नीट कळले नाही आणि त्यांनाही कळले नव्हते. नियम तसाच राहिला. खुर्ची मात्र व्हरांड्यात परत गेली नाही. त्या हिवाळ्यापासून ती शोवेलच्या केबिनमागे बांधलेली असे. साहेबांची नजर तिच्यावर कित्येकदा गेली असेल, पण काढायला त्यांनी कधी सांगितले नाही.

वहिनींच्या फोननंतर मी कंपनीच्या हिद्दमधल्या यार्डात गेलो. ऑपरेटर तोच आहे. मी दोरीला हात लावला तेव्हा तो म्हणाला, "पुरानी गल गई थी, साब."

संध्याकाळी वहिनींना कळवले. खुर्ची यार्डात आहे. शोवेलला बांधलेली आहे. दोरी नवी आहे.