मळहातावरचं अंबर

नाशिकहून एसटीने कल्याण आणि तिथून रिक्षाने उल्हासनगर गाठलं, तेव्हा संक्रांतीनंतरचं छान ऊन पडलं होतं. मला पुढे बदलापूरला, कुळगावात, थोरल्या बहिणीकडे जायचं होतं. कानामागे अत्तराचं बोट फिरवल्याशिवाय अक्का एके काळी दळण आणायलाही जात नसे. भाऊजी गेल्यापासून दोन वर्षं तिने काहीच लावलेलं नाही. काहीतरी सुगंधी न्यावं असं वाटत होतं, पण ते कपाटात पडून राहिलं तर पैसे पाण्यात. मी मुळातच चिकट आहे.

अत्तराच्या दुकानातल्या वयस्कर सिंधी गृहस्थांनी अंबराची बाटली काढली. मी सवयीने हात पालथा करून मळहात पुढे केला. ते हसले.

"अदी (सिंधीत बहीण), तुम मराठी लोग हाथ उलटा क्यूं देते हो? कलाई दो."

"आमच्यात हळदीकुंकवाला असंच लावतात," मी म्हणाले.

त्यांनी मळहातावरच काचेची काडी फिरवली. पहिला वास राळेसारखा, नाकात चढणारा. किंमत ऐकून तर मी हातच मागे घेतला.

"अभी मत लो," ते शांतपणे म्हणाले. "घूमो, फिरो. शाम तक जो बचेगा, पैसा उसका है."

कोपऱ्यावर दाल-पकवान (कुरकुरीत तळलेली पुरी आणि घट्ट डाळ) खाल्लं. चिंचेची चटणी हातावर सांडली, पण नशिबाने दुसऱ्या हातावर.

अंबरनाथला जुन्या शिवमंदिराच्या पायरीवर निवांत बसले. उन्हाने हात तापला तसा वास बदलत गेला. नाकात चढणं थांबलं, आणि मागे मध, थोडं चंदन, पेटीतून काढलेल्या शालीची ऊब असं काहीसं उरलं. मला तो आवडू लागला, म्हणजे खर्चाची भीती वाढली.

बदलापूरच्या रिक्षात चालक म्हणाला, "मॅडम, अत्तर भारी आहे. पण मोरिवली येऊ द्या, मग बोला."

मोरिवलीला कारखान्यांचा उग्र दर्प रिक्षात शिरला आणि अंबर पार गायब झालं. पैसे वाचले, असं वाटून मी सुटकेचा निःश्वास टाकला, तोही नाक दाबून. पुढे गेल्यावर सहज हात हुंगला, तर ते होतंच.

अक्काने तिळाची वडी आणि चहा दिला. तेवढ्यात शेजारीण दारात आली. मला म्हणाली, "ताई, आमच्याकडे हळदीकुंकू आहे, तुम्ही या हं." मग अक्काकडे वळून, "तुमचा मोठा गंज (पातेलं) द्याल का, मसाला दूध करायचंय." अक्काने गंज काढून दिला.

"जा की गं," शेजारीण गेल्यावर अक्का मला म्हणाली. मी गेले नाही.

कप उचलताना तिने माझा हात धरला. "काय लावलंयस हे?" हात बराच वेळ नाकाशी धरला, मग स्वतःचा मळहात माझ्या मळहातावर हळूच घासला. "दोन वर्षांत कुणी अत्तर लावलं नाही मला. कुंकवाचं समजते मी. पण अत्तराने कुणाचं काय केलंय?"

मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊनच उल्हासनगरला गेले. किंमत ऐकून ती म्हणाली, "वेड लागलंय का तुला?" दुकानदार काडी घेऊन पुढे झाले. "अदी, कलाई..." अक्काने मळहात पुढे केला होता. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काडी माझ्या हातात दिली. मी तिला अत्तर लावलं.

परतीच्या एसटीत माझ्या हाताला कसलाच वास नव्हता. अंबराची किंमत वाजवी का, असं कुणी विचारलं तर सांगेन, महागच आहे. उन्हाशिवाय खुलत नाही आणि मोरिवलीत हरवतं. पण निरोप देताना अक्का बाटली पदराखाली धरून म्हणाली, "शेजारीण गंज परत द्यायला येईल ना, तिलाही लावीन."