फौजी भाऊजींचा बडाखाना

थोड्या माणसांचा स्वयंपाक अजिबात न येणारा, आमच्या फौजी भाऊजींसारखा स्वयंपाकी अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात झाला नाही, आणि पुढे कधी होईल असं मला वाटत नाही. एकशेवीस माणसं सांगा, दोन तासांत पत्रावळीवर गरम जेवण. दोन माणसं सांगा, की यांचे हातपाय गळाले. सतरा वर्षं पलटणीत होते. पलटणीच्या स्वयंपाकघराला लंगर म्हणतात आणि तिथे रांधणाऱ्याला लांगरी, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. पेन्शन घेऊन गावी आले त्या पहिल्याच दिवशी बायकोला म्हणाले, तू बस, आज मी रांधतो. ती बिचारी हरखून बसली. यांनी तिच्या लग्नात आलेला पाण्याचा गंज, म्हणजे भलंमोठं पातेलं, चुलीवर चढवला आणि डाळ केली. त्यांच्या कुंपणाला लागून आमचं कुंपण. ती डाळ आम्ही त्या दिवशी खाल्ली, दुसऱ्या दिवशी खाल्ली, तिसऱ्या दिवशी आमच्या म्हशीने खाल्ली. मी म्हटलं, भाऊजी, घरात माणसं दोन, एवढी कशाला केली? तर म्हणाले, "थोड्या मानसांत मिठाचा अंदाज येत नाई, वयनी. चिमूट चुकते. ओंजळ कधी चुकत नाई."

घरात त्यांनी पलटणच आणली होती म्हणा ना. पहाटे चारला चहा, तोही पांढऱ्या मगात, आणि बायकोने आपला मग हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभं राहायचं, कारण चहा आणून देणं हे लंगरात बसत नाही, ज्याला पाहिजे त्याने लाईनीत यायचं. जेवायच्या वेळी शिट्टी. फौजीणबाई, म्हणजे त्यांची बायको, मला सांगायची, "बाई, घरात दोघंच, तरी मी ताट घेऊन लाईनीत उभी. माझ्या मागे कोन, तर कुत्रा. आन कुत्रा पुढे घुसला का हे त्याले मागे जा म्हनते, पन तो मागे जाईपर्यंत मले वाढत नाई." शेजारपाजारच्या चुलींवरही त्यांचा डोळा असे. आमच्या दारातून जाता जाता आत यायचे, झाकण उचलायचे, वास घ्यायचे आणि काही न बोलता झाकण ठेवून निघून जायचे. ते न बोलणं मला दिवसभर पुरायचं. आमच्या ह्यांनी एकदा वैतागून म्हटलं, हा माणूस माझ्या घरात चुलीपर्यंत येतो नि मला रामरामही करत नाही. मी म्हटलं, त्यांची ओळख डाळीशी आहे, तुमच्याशी नाही.

सडक अर्जुनीकडच्या हमरस्त्यावरच्या एका ढाबेवाल्याने त्यांची कीर्ती ऐकून त्यांना कामाला बोलावलं. सकाळी गेले, दुपारी पायी परत. काय झालं विचारलं तर म्हणे, मालक म्हणाला गिऱ्हाईक वाढलं, डाळीत दोन तांबे पाणी घाल. "मी म्हटलं, मानसं वाढली तर डाळ वाढवाची, पानी नाई. तो म्हने, ट्रकवाल्याले का समजते? मी करछी ठेवली आन निघालो." करछी म्हणजे त्यांची लांब दांड्याची पळी. ती ते ढाब्यावर घरून घेऊन गेले होते. ठेवली म्हणतात ती पिशवीत.

तर असा हा माणूस. गावात तोंडावर सगळे फौजी म्हणत आणि पाठीमागे आचारी. त्यांना ते माहीत होतं. आचारी म्हटल्याचं त्यांना दुःख नव्हतं. आचारी म्हणजे फौजी नाही, असं जे त्या म्हणण्यात असे, ते त्यांना खुपायचं.

कारगिलची लढाई झाली त्या वर्षीची गोष्ट. लढाई संपून पंधरा दिवसही झाले नसतील, पंधरा ऑगस्ट तोंडावर आला होता, आणि जो तो गाव आपापला फौजी शोधत होता. आमच्या गावात एकच. पंचायतीने ठरवलं, यंदा झेंडावंदनाला फौजी भाऊजींना खुर्ची द्यायची, शाल-श्रीफळ द्यायचं, आणि मास्तरांनी त्यांच्यावर भाषण करायचं. माहिती घ्यायला मास्तर वही घेऊन त्यांच्या ओसरीवर आले. मी कुंपणाशी भेंडी तोडत होते, तेव्हा शब्द न् शब्द ऐकला.

"लढाईत किती शत्रू मारले, भाऊ?"

"एकबी नाई."

"एखादा तरी. लांबून?"

"कोंबड्या मारल्या. थ्या मोजल्या नाई."

मास्तरांनी पेनाला टोपण लावलं. "मग बर्फात इतकी वर्षं तुम्ही करत काय होते?"

"डाळ शिजवत होतो. तिकडे वर पानी उकळते, पन डाळ शिजत नाई, मास्तर. चार-चार घंटे. दुश्मन कधी तरी झोपत असन, डाळ मानतच नाई. आन वरच्या चौकीवरून पोट्टे उतरले का त्यांच्या बोटाले मग धरवत नव्हता. मीच त्यांच्या तोंडाले चहा लावत होतो. लिवा ना हे."

मास्तरांनी ते काही लिहिलं नाही. दोन दिवसांनी पंचायतीचा शिपाई निरोप घेऊन आला. सत्काराला आता शेजारच्या गावचे, फौजेतलेच एक रिटायर हवालदार यायचे होते, मोठ्या मिशांचे, बंदूक चालवलेले. आणि कार्यक्रमानंतर पाहुण्यांचं जेवण होतं, वीस-पंचवीस माणसांचं. तुम्हाला सवय आहेच, तेवढं करून द्या, असं सरपंच म्हणाले होते.

फौजीणबाईने हातातलं सूप खाली ठेवलं. "नाई म्हनून सांग. ज्याले खुर्ची देत नाई, त्याच्या हातचं जेवन कायले पाह्यजे त्याहीले?" मलाही राग आला होता. चुलीपाशी जन्म गेलेल्या कुठल्या बाईला येणार नाही? पण भाऊजी शांत. म्हणाले, "सरपंचाले सांग, पंचवीसचा मले येत नाई. एकशेवीसच्या खाली माझा हात चालत नाई. अख्खं गाव जेवाले येत असन तर करतो." सरपंचांना वाटलं, वा, फुकटात गावजेवण. घरोघरून तांदूळ-डाळ गोळा झाली. रोवणे, म्हणजे भाताची लावणी, संपत आले होते, बायांनाही एक दिवस चूल नको होती. सगळे खूश. भाऊजींच्या मनात काय आहे ते फौजीणबाईलासुद्धा माहीत नव्हतं.

झेंडा झाला. हवालदारांना शाल मिळाली, भाषण झालं, पोरांच्या घोषणा झाल्या. भाऊजी शाळेमागे चुलाणाशी. राष्ट्रगीत लागलं तेव्हा मात्र ते धुरात ताठ उभे राहिलेले मी पाहिले. मग सगळे जेवायला वळलो आणि पाहिलं तर पत्रावळी मांडून तयार. शाळेच्या ओसरीपासून हापशापर्यंत एकच लांब ओळ. पाहुण्यांचं टेबल उचलून वर्गात ठेवलेलं. गंजांवर झाकणं, झाकणांपुढे भाऊजी, खांद्याला करछी.

सरपंच म्हणाले, "वाढा आता."

"वाढाचं तुमाले आहे, साहेब. पलटनीत अशा सनाच्या दिवशी बडाखाना रायते. जवान बसते आन साहेब वाढते. सगळे एका लाईनीत. करछी घ्या."

सरपंचांनी आजूबाजूला पाहून हसून घेतलं. कोणी हसलं नाही, तेव्हा म्हणाले, "हे गाव आहे, पलटण नाही."

"मंग झेंड्याले सलामी कायले ठोकली?"

आता कुजबूज सुरू झाली. ती वाढण्याबद्दल नव्हती, ओळीबद्दल होती. आमच्यासारखी शेतीवाली घरं आणि नाल्यापलीकडची वस्ती एका ओळीत कधी बसली नव्हती. माझे भासरे, म्हणजे ह्यांचे मोठे भाऊ, पुढे झाले. म्हणाले, "फौजी, आमचं ओसरीवर वाढ. त्यांचं खाली वाढ. कायले तमाशा करून रायला?"

"एक लाईन," भाऊजी म्हणाले. "नाई तर झाकन उघडत नाई."

आणि नाहीच उघडलं. अर्धा तास झाला. आभाळ भरून येत होतं. पोरं रडायला लागली. डाळीचा वास असा सुटला होता की हट्ट करणाऱ्यांच्याही तोंडाला पाणी आलेलं दिसत होतं. सरपंच लाल झाले, पुढच्या महिन्यापासून पेन्शन कशी मिळते ते पाहतो म्हणाले. भाऊजी म्हणाले, "पाहा. ते दिल्लीहून येते, तुमच्या खिशातून नाई." फौजीणबाई माझा दंड धरून उभी होती. मला म्हणाली, "आज हरले तर हे घराबाहेर निंघनार नाई, बाई. मी ओळखून आहे यायले."

मी काही शूर बाई नाही. मला खरंच भूक लागली होती. मी जाऊन ओळीत बसले. शेजारी देवका येऊन बसली, नाल्यापलीकडची, आमच्याच भाताच्या बांधीत रोज माझ्या बाजूला वाकून रोवणा लावणारी. ती कुजबुजली, "बाई, तुमचे भासरे पाहून रायले."

"पाहू दे. त्यांनाही भूक लागली असेल."

मग दोन-चार बाया बसल्या, मग पोरं धावली. पण वाढणार कोण? तेव्हा ते मिशीवाले हवालदार उठले. इतका वेळ ते खुर्चीत अवघडून बसले होते. त्यांनी अंगावरची शाल काढून घडी घातली, खुर्चीवर ठेवली, बाह्या सारल्या आणि भाताची बादली उचलली. सरपंचांना म्हणाले, "साहेब, पलटनीत कर्नलचा हुकूम मोडून एखादा वाचला असन. लांगरीचा हुकूम मोडून कोनी वाचला नाई. मीबी वरच्या चौकीवर होतो. असाच एक लांगरी माझ्या तोंडाले मग लावत होता. करछी घ्या."

सरपंचांनी घेतली. पहिल्या चार पत्रावळींवर डाळ कमी आणि जमिनीवर जास्त. भाऊजी हात मागे बांधून त्यांच्या पाठोपाठ. "साहेब, खोल घाला. तळाची डाळ वर आना. वरचं पानी सगळेच वाढते." हापशापर्यंत पोचेस्तोवर सरपंच घामाघूम, पण हात बसला होता, आणि शेवटच्या पोराला तर त्यांनी स्वतःहून विचारलं, आणखी पाहिजे का. माझे भासरे जेवले नाहीत. त्या वर्षी नाही, पुढची तीन वर्षं नाही. चौथ्या वर्षी आले, ओळीच्या पार टोकाला बसले आणि म्हणाले, मी नुसता बसून पाहतो. तीनदा भात घेतला.

तेव्हापासून पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला आमच्या गावात बडाखाना सुरू झाला. सरपंच बदलले, पण कोणाची करछीतून सुटका झाली नाही. मधे एक बाई सरपंच झाल्या, त्यांना काही शिकवावं लागलं नाही. भाऊजींनी त्यांना कडक सलाम ठोकला, तर त्या बिचाऱ्या घाबरून मलाच विचारायला आल्या, माझं काही चुकलं का म्हणून. एका सरपंचांना वाटलं, जुनी चूक दुरुस्त करावी, म्हणून भरसभेत त्यांनी भाऊजींना शाल दिली. भाऊजींनी ती नीट पाहिली, कापड चाचपलं, म्हणाले, जाड आहे, चांगलं झालं, आणि तिथल्या तिथे तिने धरून चुलाणावरचा गंज उतरवला. मास्तर दर वर्षी त्यांना दोन शब्द बोलायचा आग्रह करायचे. ते माईकसमोर यायचे आणि म्हणायचे, "दोनशे चौदा जेवले. कोनी उपाशी नाई. जय हिंद." झालं भाषण. आकडा तेवढा बदलायचा.

आणि या सगळ्यात, सांगायला लाज वाटते, पण एक गोष्ट आम्हा कोणाच्या ध्यानातच आली नाही. लांगरी शेवटी जेवतो, हाही पलटणीचाच नियम. सगळे हात धुऊन पांगले की भाऊजी गंजाच्या तळाशी लागलेला गार भात खरवडून उभ्याउभ्याच खायचे, तोवर चुलाणाची राख झालेली असायची. आम्ही ते वर्षानुवर्षं पाहिलं. त्यांचं ते खाणं आम्हाला त्यांच्या शिट्टीसारखंच, त्यांची एक तऱ्हा वाटायची.

ते गेले त्याच्या आधीच्या पंधरा ऑगस्टला त्यांच्याने गंज उचलवेना. डोळ्यांनाही कमी दिसायचं. गावच्या तरुण मुलांनी रांधलं, त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या. जेवण घरी पाठवतो म्हटलं तर भाऊजींनी डबा परत धाडला. "बडाखाना घरी येत नाई. लाईनीत बसून खावा लागते." मग दोघांनी धरून आणलं, ओळीत बसवलं. खाली बसायची सवय नाही, पायांचं काय करावं ते त्यांना कळेना. सरपंच डाळ घेऊन येत होते, मी त्यांच्या हातून करछी मागून घेतली. खोल घातली, तळाची डाळ वर आणली आणि त्यांना वाढली.

भाऊजींनी पहिला घास घेतला आणि थांबले. मला वाटलं, आता मिठाची खोड काढतील. सगळी ओळ त्यांच्याकडे पाहत होती.

"गरम आहे, वयनी," ते म्हणाले.

मी म्हटलं, फुंकून खा.

त्यांनी फुंकलं नाही. बराच वेळ बोटं तशीच डाळभातात ठेवून बसून राहिले.