अर्ध्या शाईची नवरी

चितेगावच्या एका कारखान्यात कमरोद्दीननी एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलं. तिथं ते नटबोल्ट जपायचे. निवृत्त झाल्यावर जावयानं दिलेल्या प्रिंटरची शाई जपू लागले. रोशन गेटजवळच्या त्यांच्या घरात बायको जाहेदा लग्नाच्या ब्लाउजांवर आरीकाम करायची, आकड्याच्या सुईनं जरीची नक्षी भरायची. मोबाइलवर आलेली नक्षी कागदावर छापून देणं, एवढंच काम कमरोद्दीनकडं होतं. पण तेवढ्यामुळं घरात त्यांना कुणी हाक तरी मारत होतं.

छापलेल्या नक्षीवर ट्रेसिंग पेपर ठेवून जाहेदा रेघांवर सुईनं भोकं पाडायची. त्यावरून रॉकेलमध्ये कालवलेली खडूची भुकटी फिरवली, की कापडावर ठिपके उमटायचे. भोकंच पाडायची तर गडद रेघा कशाला, असा हिशोब करून कमरोद्दीन सगळं फिकं छापत.

"ये मोर है या मोर का भूत?" जाहेदा विचारायची.

पुढं त्यांच्या लक्षात आलं, की मोर तर दोन्हीकडं सारखेच असतात. मग एकच छापायचा, ट्रेसिंग पेपर दुमडायचा आणि एका टोचणीत दोन मोर उठवायचे! तेव्हापासून हत्ती, कमळं, कोयऱ्या, सगळं अर्धंच छापलं जाऊ लागलं. महिनाभर कमरोद्दीन गल्लीतून छाती काढून हिंडले.

अशात मनकर्णाबाईंची ऑर्डर आली. नात श्रेयाचं लग्न होतं. ब्लाउजच्या पाठीवर नवरानवरी समोरासमोर, हातात हार. कमरोद्दीननी पाहिलं, डावीकडं एक माणूस, उजवीकडं एक माणूस. सवयीनं त्यांनी डावा भाग छापला. जाहेदानंही सवयीनं कागद दुमडून टोचला. जांभळ्या रेशमावर नुसते पांढरे ठिपके. त्यात कोण बाई नि कोण बुवा, कळणार कसं?

ब्लाउज न्यायच्या दिवशी सकाळी उजव्या माणसाच्या बांगड्या भरून झाल्या. मग जाहेदाला ठिपक्यांत नथ दिसली.

"अजी, दूल्हा कां है?"

"यईंच तो हूँ," म्हणत कमरोद्दीन टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आले.

जाहेदानं सुईनं दाखवलं. दोन नवऱ्या एकमेकींना हार घालत होत्या.

ती ओरडली नाही, हेच वाईट होतं. "कल से डिझाइन झेरॉक्सवाले के पास से लाऊंगी," एवढंच म्हणाली. "प्रिंटर जावई को वापस."

कमरोद्दीन ब्लाउजवर वाकले. मग हळूच म्हणाले, "नथ अजून भरली नाहीये ना? तिथं मिशी बसेल. अंबाड्यावर फेटा. निऱ्यांचं धोतर."

जाहेदानं वर पाहिलं. "फेटा छापो. काला छापो."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी सर्वांत गडद छपाई निवडली. फेटा लहान आला. दुसरा छापला, तो बसला. दोन कागदांची शाई गेली, पण त्यांनी हूं की चूं केलं नाही. बांगड्या मात्र तशाच राहिल्या, कारण जरीची तार उसवली असती तर रेशमाला भोकं दिसली असती.

संध्याकाळी मनकर्णाबाई नातीला घेऊन आल्या. चष्मा पुसून त्यांनी ब्लाउज खिडकीपाशी धरला.

"भाभी, काम लई सुरेख हाय. पण नवरदेवाच्या हातात एवढी कडी? अन् कंबर बी बाईवानी बारीक!"

कमरोद्दीन टॉवेलनं प्रिंटर पुसू लागले.

"असू दे गं आजी," श्रेया हसली. "विश्वजीत तरी कुठं जाड आहे? तिकडं सगळे त्याला काडीच म्हणतात."

"व्हय, ते बी खरंच." म्हातारीनं पुन्हा निरखून पाहिलं. "मिशी तेवढी झोकात हाय. धाकल्या नातीच्या, मेघाच्या लग्नात बी असलाच नवरदेव काढा बरं, भाभी. दुसरा नाय चालायचा."

जाहेदानं कमरोद्दीनकडं पाहिलं. असला नवरदेव शहरातल्या कुठल्याच झेरॉक्सवाल्याकडं मिळणार नव्हता.

"काढू की," ती म्हणाली. "नक्षी आमच्याकडंच छापतात."

पाहुण्या गेल्यावर तिनं आरी खाली ठेवली. "प्रिंटर राहू द्या. पण छापायच्या आधी मला दाखवायचं. अन् माणसं पूर्ण छापायची."

"दोन्ही?" कमरोद्दीननी विचारलं.