शून्य लिहिलेली रेघ

आई वारल्यावर चार महिने मी दारव्ह्याजवळच्या आमच्या घरी बसून काम केलं. घरात बाबा आणि मी, दोघंच. दिवसभरात आमच्यात पाच-सहा वाक्यं व्हायची, त्यातली दोन चहाची. मोबाइलची रेंज फक्त समोरच्या खोलीत यायची. मी आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी बाबांनी तिथली आपली बाज उचलून मागच्या पडवीत नेली. यांना मी घरात नको आहे, असं मी मनाशी पक्कं करून टाकलं. पुण्यात भाड्याच्या खोलीतही इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. शेवटी सोमवारच्या गाडीचं तिकीट काढलं.

माझं काम कपाशीच्या लाल्यावर, म्हणजे पानं लाल पडण्यावर. हवामान कोणत्या जनुकाला जागं करतं आणि ते जनुक पुढे कोणाला, याचं रेघांचं जाळं मी स्क्रीनवर मांडायचे. नमुने मोजकेच होते. अशा वेळी संख्याशास्त्रातल्या बेझियन पद्धतीत प्रत्येक रेघेवर आपला आधीपासून किती भरवसा आहे, तो आकडा अगोदर लिहून द्यावा लागतो. मग नमुने तो वाढवतात किंवा उतरवतात. मी मोठी शहाणी. ज्या रेघेबद्दल एकाही शोधनिबंधात काही सापडलं नाही, तिथे सरळ शून्य ठोकलं होतं. जाळं काही केल्या नमुन्यांशी जुळेना.

शनिवारी वैतागून बाबांच्या मागे वावरात गेले. त्यांनी एक लालसर पान तोडून माझ्या हातात दिलं.

"रातची थंडी पडली का तीन-चार दिवसांत असं होते. तुह्या कम्प्युटरले सांगतलं नाही काय?"

"कोण्या पेपरात नव्हतं, बाबा."

"पेपरात नाही म्हून वावरातबी नाही काय?"

"पण थंडी कोणत्या रातीपासून पडली, हे तुम्हाले कसं कळते?"

"पडवीत झोपतो ना मी."

घरी येऊन थंडीची ती रेघ शोधली. तिथे माझंच शून्य होतं. त्याला कशानेही गुणा, शून्यच उरणार. हजार नमुने आणले असते तरी ती रेघ उठली नसती. लहानसा आकडा लिहून पुन्हा चालवलं आणि रेघ ठळक झाली. इतका आनंद झाला, पण सांगायला दुसरं कोण होतं? पडवीत गेले. बाबा गोधडी गुंडाळून बसले होते आणि वारा सरळ बाजेवर येत होता. रेंजची, उबेची खोली त्यांनी मला दिली होती. चार महिने हे माझ्या डोळ्यांसमोर होतं. मला फार लाज वाटली.

"बाबा, मले वाटे मी तुम्हाले इथं नको आहे."

ते गोधडी सावरत उठून उभे राहिले.

"मले वाटे, तुलेच करमत नाही. म्हून तं राह्य म्हटलं नाही."

बाज आत न्यायला मी तिचं एक टोक धरलं.

"अन् सोमवारचं तिकीट?" त्यांनी विचारलं.

"ते रद्द करीन. आधी दुसरं टोक धरा," मी म्हणाले.