लिंबूतात्या आणि बिनबॉनेटची गाडी

जुनी गाडी बघायला जाताना तात्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक लिंबू असे. इंजिन चालू करायचं, लिंबू बॉनेटवर ठेवायचं आणि डोळे मिटून उभं राहायचं. लिंबू जागेवर राहिलं तर गाडी पास, घरंगळलं तर नापास. पास झालेल्या गाडीच्या चाकाखाली तेच लिंबू फोडत, म्हणजे नव्या मालकाचा मुहूर्तही त्यातच उरकत असे. नापास गाडीचं लिंबू तात्या घरी नेत आणि त्याचं सरबत करून पीत. तात्यांना सरबत फार आवडे. त्यामुळे बारामती ते इंदापूर या पट्ट्यात जुन्या गाड्या विकणाऱ्यांमध्ये त्यांच्या निःपक्षपातीपणाबद्दल दोन मतं होती.

तात्या साखर कारखान्याची जीप चालवून निवृत्त झाले होते. भवानीनगरात आमच्या घराच्या मागेच त्यांचं घर होतं. जीप कारखान्याकडेच राहिली, पण तात्यांच्या बोलण्यातून ती कधी उतरली नाही. "जीपचा मालक साहेब असतोय, पन ती ऐकती डायवरचं," असं ते म्हणत आणि मग साहेबांची, संचालकांची आणि एकदा तर एका मंत्र्याची गाडी आपण कशी वाचवली ते सांगत. मंत्री दरवेळी वेगळा असे. कुणी हे लक्षात आणून दिलं तर तात्या म्हणत, "बदलत्यात की रं ते."

मला ते 'मिस' म्हणत. मी लहानपणापासून होस्टेलवर राहून इंग्रजी शाळेत शिकले. सुट्टीत घरी आल्यावर मी शाळेतल्या बाईंना 'मिस' म्हणते हे त्यांनी ऐकलं आणि तेच नाव माझ्यावर लावून टाकलं. शिक्षण संपवून मी घरी परतले तेव्हा कॉलनीत माझ्याबद्दल एकच गोष्ट पसरली होती, ती म्हणजे ही पोरगी फार शिष्ट आहे. खरं म्हणजे मला कुणी मराठीत काही विचारलं की मी मनात आधी इंग्रजीत उत्तर तयार करी, मग त्याचं मराठी करी, आणि तोवर विचारणारा निघून गेलेला असे. तात्यांना मात्र माझी काही अडचण नव्हती. त्यांच्या प्रश्नांना उत्तराची गरजच नसे.

आई तेव्हा बारामती एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्याला दुपारचं जेवण पुरवत असे. पप्पा साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होते. त्यांची पाळी सकाळची, आणि गाडी चालवण्याची त्यांना सायकलपलीकडे सवय नव्हती. स्वयंपाक आमच्या पडवीत होई आणि मोठमोठे डबे भाड्याच्या तीनचाकीतून जात. तीनचाकीवाला कधी येई, कधी त्याच्या मेव्हण्याचं लग्न निघे. त्याला मेव्हणे पुष्कळ होते. शेवटी तिथल्या मॅनेजरने आईला सांगितलं, "मावशी, तुमची भाकरी चांगली आहे, पण ती दोन वाजता चांगली असून उपयोग काय? दिवाळीपर्यंत स्वतःची गाडी करा, नाहीतर मी दुसरं कुणी बघतो." आई त्या रात्री उशिरापर्यंत पीठ मळत राहिली. पडवीतल्या तिन्ही शेगड्या, मदतीला येणाऱ्या दोघी बायका आणि आईचं ताठ चालणं, सगळं त्या एका कामावर उभं होतं.

सकाळी तात्या परसदारातून आले. "व्हैनी, जुनी व्हॅन घ्या. बघायचं काम माजं. आन् चालवायला मी हायच की. घरी बसून हात गंजून चाललेत." आईचे डोळे भरून आले. ड्रायव्हर घरचा मिळाला म्हटल्यावर राहिलं काय, फक्त गाडी.

फक्त गाडीचंच काही जमेना.

बघायला तात्या मला बरोबर नेत. कागद इंग्रजीत असतात, हे कारण. पहिल्याच वेळी त्यांनी मला बजावलं, "मिस, तू बोलायचं न्हाय. नुसतं बघायचं. गप बसनाऱ्या मानसाला गाडीवाला लई भितो." हा उपदेश मला मिळालेला आयुष्यातला सर्वांत सोपा उपदेश होता. मी गाडीभोवती एक फेरी मारी, टायरकडे बघे, काही न बोलता उभी राही. विकणारा अस्वस्थ होई. "काय म्हनत्यात ताई?" असं तो तात्यांना विचारी. तात्या गंभीरपणे सांगत, "इंग्रजीत इचार करतीया." तेवढ्यावर लोक आपणहून कबूल करत, की गाडी एकदा कालव्यात गेली होती.

लिंबाचं मात्र पहिल्याच गाडीला अडलं. व्हॅनला बॉनेट नव्हतं. इंजिन पुढच्या सीटखाली असतं हे कळल्यावर तात्यांनी तो वैयक्तिक अपमान मानला. "म्हंजी इंजनावर बसून जायचं? अंडी उबवायची हायेत का?" असं म्हणून त्यांनी लिंबू नाइलाजाने काचेमागे, स्टिअरिंगच्या पुढे ठेवलं. तिथे ते कुठल्याही गाडीत घरंगळलं असतं. त्या मोसमात तात्यांनी सरबत भरपूर घेतलं.

आणि मग ट्रायल. मला वाटत होतं तात्या चालवतील. ते बाजूच्या सीटवर जाऊन बसले आणि म्हणाले, "मिस, बस तितं." मी स्टिअरिंगकडे बघितलं. विकणाराही माझ्याकडे बघू लागला. तात्या त्याला म्हणाले, "गडी मानसाच्या हातात कुटलीबी गाडी नीट चालती. पोरीच्या हातात कशी वागती ते बघायचंय. आन् आवाज शेजारनं नीट येतो." माझं शिकाऊ लायसन्स त्यांनीच महिन्याभरापूर्वी काढायला लावलं होतं. "शाळेचा दाखला हाय, जोडीला हेबी असू दे," एवढंच म्हणाले होते.

लोणी भापकरच्या रस्त्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा क्लच सोडला. गाडीने बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली. तात्या शांतपणे मागे वळून मालकाला म्हणाले, "क्लच नापास."

"अहो तात्या, क्लच चांगला हाय! पोरगी कच्ची हाय!"

"इंग्रजी शाळंत शिकल्याली पोरगी. ती कच्ची कशी आसंल?"

मालकाने किल्ली काढून घेतली. अशा रीतीने त्या वर्षी आमच्या भागातल्या कितीतरी चांगल्या गाड्या माझ्या पायांमुळे नापास झाल्या. मला गिअर सापडला नाही की गिअर नापास. मी वळणावर बांधाला लागले तेव्हा स्टिअरिंग नापास. एका गाडीचा ब्रेक मी इतक्या जोरात दाबला की मागे बसलेल्या मालकाची टोपी पुढे आली. तात्या ती त्याच्या हातात देत म्हणाले, "बिरेक लई कडक." मात्र मधूनच ते समोर बघत, हलक्या आवाजात गाडीशी बोलावं तसं बोलत, "आता अर्धा सोड... अर्धा... तितं थांब... आता जा." आणि गाडी जाई.

मी कमी बोलत असे, पण बघत असे. एकदा दूध डेअरीच्या ओट्यावर पेंडीचं पोतं उभं करून ठेवलं होतं. तात्यांनी त्याला लांबूनच हात केला, "रामराम, पाटील!" पाटलांनी ओ दिली नाही, तेव्हा तात्या पुटपुटले, "मानूस माजलाय." दुसऱ्या खेपेला त्यांनी एका फिकट निळ्या व्हॅनच्या पांढऱ्याशुभ्र रंगाचं कौतुक केलं. कागदही ते माझ्याकडूनच वाचून घेत, मराठीतलेसुद्धा. मी कुणाला काही बोलले नाही. त्या दिवशी परत येताना एसटीत ते अचानक म्हणाले, "तू बोलत न्हाईस ते बरं हाय, मिस." आणि बंद खिडकीतून बाहेर बघत बसले.

दिवाळी जवळ आली. तात्यांची नापास यादी वाढत गेली तसा आईचा धीर सुटत गेला. मॅनेजरने एका दुसऱ्या बाईंची भाकरी मागवून चाखल्याचंही कानावर आलं. इंदापुरात एक बेकरीवाले चाचा व्हॅन विकताहेत असं कळलं तेव्हा आई म्हणाली, "आज मी येते. आजची गाडी नापास झाली तर मी शेगड्या विकते."

चाचांची व्हॅन बेकरीच्या दारात उभी होती. रंग पिस्त्यासारखा हिरवा, आणि दार उघडताच नानकटाईचा वास. तात्यांनी खिशातलं लिंबू चाचपलं आणि नेहमीचा पहिला प्रश्न टाकला, "इकताय कशापायी?"

"पोराला मोठा टेम्पो पायजे," चाचा म्हणाले. "आता ऐका. गार हवेत स्टार्टर रुसतो, म्हनून उतारावर लावायची. मागचं दार बाहेरनंच उघडतं, आतनं न्हाय. डावा वायपर नुसता हात हलवतो, पुसत कायबी न्हाय. आन् तिसरा गिअर घालताना जरा कुरकुरती, पन जाती."

तात्या गोंधळले. त्यांची सगळी विद्या लपवलेलं शोधून काढण्याची होती. न लपवणाऱ्या माणसापुढे ती चालेना. "चाचा, गाडी इकताय का भांडताय?"

"तात्या, गाडी गेली तरी मी हितंच ऱ्हानार हाय. तुमी भेटला की तोंड कुटं लपवू?"

तात्यांनी मला खूण केली. मी गाडी उतारावरून सोडली, बस स्टँडाला वळसा घातला, तिसरा गिअर कुरकुरला आणि पडला. लिंबू काचेमागे गडगडत होतं. मी गाडी परत आणून बेकरीसमोर उभी केली, तेव्हा ती एकदाही बंद पडली नव्हती. तात्यांना नापास करायला काहीच उरलं नव्हतं. तरी त्यांचे ओठ तो शब्द जुळवताहेत असं मला दिसलं.

चाचांनी चहा मागवला आणि सहज विचारलं, "चालवनार कोन?"

"तात्याच की," आई म्हणाली. "त्यांच्या भरवशावर तर घेतोय."

तात्यांनी बशी खाली ठेवली. त्यांना काय म्हणता आलं असतं ते मला ठाऊक होतं: लिंबू हललं, गाडी नापास. सगळे निमूट घरी गेले असते आणि तात्या ड्रायव्हरच राहिले असते.

"चाचा," ते शेवटी म्हणाले, "गाडीचं तुमी सांगितलं. आता माजंबी ऐका. मला फुडं बैल हाय येवढं दिसतंय. नुसता बैल हाय का मागं गाडी हाय, ते जवळ गेल्यावर कळतंय."

आईच्या हातातला कप तसाच राहिला. "तात्या! आन् मला शब्द दिलात? दिवाळी तोंडावर आली! मग इतके दिवस तुम्ही केलंत काय?"

"डायवर तयार करत हुतो," तात्या म्हणाले आणि माझ्याकडे, म्हणजे माझ्या थोडं डावीकडे, बघू लागले.

आईही माझ्याकडे बघू लागली. चाचाही. मी नेहमीसारखं मनात इंग्रजीत वाक्य जुळवायला घेतलं आणि ते पुरं व्हायच्या आत मराठीतच बोलले, "मी चालवीन."

त्या सगळ्या खटाटोपात गाडीवाल्यासमोर मी आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य. चाचा म्हणाले, "बोलती की पोरगी!"

तात्यांनी वाकून चाकापुढे लिंबू ठेवलं. म्हणजे चाक जिथे आहे असं त्यांना वाटत होतं, तिथे. मी गाडी पुढे घेतली. लिंबू चाकाच्या शेजारी तसंच पिवळंधमक बसून राहिलं. तात्या म्हणाले, "फुटलं का?" आईने लिंबाकडे बघितलं, तात्यांकडे बघितलं. डोळ्यांतला राग अजून पुरता गेला नव्हता, तरी ती म्हणाली, "फुटलं, तात्या. चांगलं फुटलं." चाचांनी लिंबू हळूच उचललं आणि बेकरीत ठेवून दिलं.

मला पक्कं लायसन्स मिळालं आणि आईचं काम टिकलं. एमआयडीसीच्या फाटकावर मोटारसायकलवरून येणारी माणसं पहिले काही दिवस माझ्याकडे वळून बघत, मग डबे उतरवायला हात लावू लागली. तात्या रोज माझ्या शेजारी बसत आणि लोकांना सांगत, की गाडी त्यांनी पारखून घेतली आहे. "इस्वासाची गाडी म्हंजी काय? जी कुटं बिघडनार ते आधी सांगती ती," हे चाचांकडून उचललेलं तत्त्व ते स्वतःच्या नावावर खपवत. गार पहाटे गाडी ढकलायची वेळ आली की मात्र त्यांची कंबर धरे.

पुढे नेत्रशिबिरात त्यांच्या डोळ्यांतला मोतीबिंदू निघाला. पट्टी सुटल्यावर जाड चष्मा लावून ते आमच्या अंगणात आले आणि व्हॅनसमोर थबकले. "ही हिरवी हाय?" एक फेरी झाली. वायपर बघितला, गंजलेला पत्रा बघितला. "व्हैनी, ह्या असल्या गाडीला कुनी पास केलं?" आई म्हणाली, "आता दिसतंय, तर तुम्हीच चालवा." ते ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले. स्टिअरिंगवर हात ठेवला, लांब रस्त्याकडे बघितलं, स्वच्छ दिसत असावा. मग तसेच सरकत पलीकडच्या सीटवर गेले. "मिस, चल. उशीर हुतोय."

तात्या गेल्या उन्हाळ्यात गेले. व्हॅनही दमली होती. आईने मोठी गाडी घेतली आणि जुनी बघायला निमसाखरचा एक भाजीवाला आला. तो फेरी मारून माझ्या बोलण्याची वाट बघत उभा राहिला. गप्प बसून काय होतं ते मला शिकवलेलं होतं, पण मी त्याला सगळं सांगितलं: स्टार्टर, मागचं दार, वायपर, तिसरा गिअर.

"अजून काय, ताई?" त्याने जरा घाबरूनच विचारलं.

"अजून एक," मी म्हणाले. "हिच्या चाकाखाली लिंबू फुटलेलं नाही."

तो हसला आणि गाडी घेऊन गेला. तात्यांसारखं मीही त्या दिवशी खिशात लिंबू ठेवलं होतं, पण ते मी त्याला दिलं नाही. घरात जाऊन त्याचं सरबत केलं.