सोनवणे तात्यांची डबल बेल

मुलांना संग्रहालयातली जुनी विमानं दाखवायला घेऊन गेलो आणि फाटकातच तिकिटं भलत्या माणसाच्या हातात दिली. खाकी शर्ट, पांढऱ्या मिशा, खांद्याला पिशवी, असा एक माणूस दाराला खेटून उभा होता. त्याने तिकिटं एकावर एक ठेवली, नखाने कोपरा टरकन फाडला आणि परत देत म्हणाला, "पुढं सरका, पुढं. दारात थांबू नका." आम्ही सरकलो. जरा आत गेलो तर खऱ्या रखवालदाराने अडवलं. "साहेब, फाडलेली तिकिटं परत चालवताय?" मी चष्मा काढून पुसायला लागलो, अडचणीत मला तेवढंच सुचतं. बायको सई-चिनूला घेऊन लांब जाऊन उभी राहिली, जणू आमची ओळखच नाही. शेवटी रखवालदारालाच हसू आलं. "तात्यांनी फाडली होय? जा मग."

हे सोनवणे तात्या. सिन्नर डेपोचे निवृत्त कंडक्टर. "काय करू सायेब, पंच डेपोत जमा केला, नख राह्यलं," ते म्हणाले. "मागं एका लग्नाची पत्रिका फाडून परत दिली. पोरीचा बाप अजून बोलत नाय."

बोलता बोलता कळलं की ते नाशिकरोडला आमच्याच मागच्या गल्लीत राहतात. त्या दिवशी ते आमच्या गाडीतून परत आले. सगळे बसले तरी मी गाडी सुरू करीना म्हणून त्यांनी आतूनच दारावर दोन थापा मारल्या. "जाऊ द्या." मी निमूटपणे गेलो. वीस वर्षं गाडी चालवतोय, पण सुटायची परवानगी घ्यायची असते हे मला तोवर माहीत नव्हतं.

ओझरच्या अंगाला, हायवेपासून थोडं आत ते संग्रहालय होतं. उघड्या पटांगणात निवृत्त विमानं ऊन खात उभी. त्यातल्या एकाला शिडी लावलेली, मुलांना वर जाऊन वैमानिकाच्या खुर्चीत बसता यायचं. तात्यांची ड्यूटी त्या शिडीपाशी. ही ड्यूटी कुणी लावली नव्हती, त्यांनीच घेतली होती.

"आधी उतरणाऱ्यांना उतरू द्या! मग चढा!"

पोर खुर्चीत बसलं की विचारायचे, "कुठं जायचं?"

"दिल्ली!" चिनू ओरडायचा.

"दिल्लीला लय गर्दी हाय. सटाण्याला जातो का? खिडकी देतो."

मग खिशातलं नाणं काढून शिडीच्या पाइपवर दोनदा वाजवायचे. टण टण. डबल बेल. विमान सुटलं.

आम्ही अधूनमधून जायचो, तात्या दर रविवारी. आम्ही नसलो तर एसटीने. एकदा सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, विचारलं, "तात्या, कंटाळा नाही येत तीच तीच विमानं बघून?"

तात्या नाणं बोटांत फिरवत राहिले. मग म्हणाले, "माझा नातू, आयुष, ह्याच खुर्चीत बसायचा, ताई. चार वर्साचा होता." त्यांचा मुलगा हायवेवर अपघातात गेला. सून लहानग्याला घेऊन इंदूरला माहेरी गेली, पुढे तिचं दुसरं लग्न झालं. तात्यांनी तिला एका शब्दाने दोष दिला नाही. "तिनं काय जन्मभर माझ्याकडं बघत बसायचं? पण पोरगं मोठं व्हईल. आम्ही राहायचो ते घर पाडलं, ते त्याला कुठं सापडणार? विमान जागचं हलत नाय. आठवण झाली तर हितंच येईल."

आणि एका दिवाळीत सुनेचा खरोखरच फोन आला. शिर्डीला येतोय, परत जाताना वाट वाकडी करून आयुषला भेटवते. तात्यांनी घर नको, विमानापाशीच या म्हणून सांगितलं. "घरी काय दाखवू, भिंती?" नवा शर्ट, पेढे, चिवडा. नातवाला सोबत हवी म्हणून आमची मुलं घेतली आणि मुलांबरोबर आम्ही.

आयुष अकरा वर्षांचा, गोरापान, अगदी सभ्य. "नमस्ते दादाजी," म्हणून वाकून पाया पडला. सून म्हणाली, "पप्पा, किती बारीक झालात," आणि तोंड फिरवून डोळे पुसले. तिचा नवरा लांबूनच हात जोडून गाडीपाशी थांबला. भला माणूस. रागवावं असं तिथे कुणीच नव्हतं.

"चढ बाळा," तात्या म्हणाले. आयुषने आईकडे बघितलं, मग चढला. खुर्ची त्याला लहान होत होती.

"कुठं जायचं?"

त्याला मराठी कळेना. सुनेने हळूच हिंदीत सांगितलं. तो जरा विचारात पडला. "कहीं नहीं, दादाजी. शाम को इंदौर."

तरीही तात्यांनी नाणं वाजवलं. टण टण. आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. आम्ही सगळेच बघत राहिलो.

"मम्मी, अब उतरूँ?"

तात्या शिडीवरून बाजूला झाले. "उतर बाळा. आधी उतरणाऱ्यांना..."

निघताना आयुषने पेढ्यांचा डबा नीट दोन्ही हातांनी घेतला. सगळे गाडीत बसले, काचा खाली, कुणाला आधी निघायचं सुचेना. मग तात्यांनीच मागच्या बाजूला दोन थापा मारल्या. गाडी गेली.

पुढच्या रविवारी मी त्यांच्या गल्लीत हॉर्न वाजवला. तात्या दारात आले. "आज नको, सायेब." त्याच्या पुढच्याही रविवारी तेच. मी आपला विनोद केला, "का तात्या, गाडी फुल आहे का?"

"नाय," ते म्हणाले. "पॅसिंजरच नाय."

उन्हाळ्यात ते झोपेतच गेले. अंत्यविधीहून आलो, आंघोळ केली. सुनंदाने चहा ठेवला. काहीतरी बरं बोलावं म्हणून मी म्हटलं, "एक चांगलं झालं. जाण्याआधी नातू भेटला एकदाचा."

सुनंदा गाळणीतून कपात पडणाऱ्या चहाकडे बघत होती.

"भेटला नसता, तर अजून दर रविवारी जात असते हो ते," ती म्हणाली.