पानात टाकायचं नाही

जठराचा पाऊण भाग कॅन्सरसकट काढून झाल्यावर सर्जननी मला घरी सोडताना एकच नियम सांगितला: दर दोन तासांनी मऊसूत चार घास, आणि पोट भरल्यासारखं वाटलं की तिथंच थांबायचं. नियम मला कोणी शिकवायला नकोत. सदाशिव पेठेतल्या शाळेत मी तेहतीस वर्षं ते दुसऱ्यांकडून पाळून घेतले आहेत. मधल्या सुट्टीत डबे उघडायला लावायचे, भाजी उरलेली दिसली की डबा आणि डब्याचा मालक दोघं माझ्या टेबलाशी. आरतीला मी एखाद्या वेळी उशिरा पोचले असेन, पण पानात शीत ठेवून कधी उठले नाही.

महिनाभर छान चाललं, कारण वाढून मीच घेत होते. मग एका सकाळी यजमानांनी थालीपीठ लावलं. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात स्वयंपाकघरात पाणी पिण्यापलीकडे त्यांनी काही केलं नव्हतं, त्यामुळे कौतुक वाटलं, खरंच वाटलं. भरपूर मेथी, कडा करपलेल्या, आकार ताटाएवढा. दिवसभर पुरवून खा, असं बजावून ते पेन्शनच्या कामाला बँकेत गेले.

चौथ्या घासाला पोट म्हणालं, पुरे. पण पानातलं उष्टं परत डब्यात ठेवायचं नाही आणि टाकायचं तर त्याहून नाही. शिवाय त्यांचं पहिलं थालीपीठ. मी ताट स्वच्छ केलं, घासून पालथंही घातलं.

दुपारपासून उलट्या सुरू झाल्या. संध्याकाळी त्याच हॉस्पिटलात, त्याच मजल्यावर. नर्सनी ओळखलं आणि आमच्याकडचं जेवण एवढं आवडलं होतं का, असं विचारलं. यजमान खाली फॉर्म भरत होते. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरबाईंनी काय खाल्लं म्हणून विचारलं, तर मी म्हणाले, "नेहमीचेच चार घास." मुलांच्या थापा डोळ्यांवरून ओळखणारी बाई इतक्या सफाईनं खोटं बोलली, की ते केसपेपरवर चढलं.

चार घासही खाली उतरत नाहीत म्हटल्यावर सगळे गंभीर झाले. टाक्यांपाशी अन्नाची वाट आवळली असेल, नाहीतर आजार परत आला असेल. सकाळी दुर्बीण घालून बघू. हे मला नाही, बाहेर यजमानांना सांगितलं, पण मला ऐकू आलं. ते आत येऊन पेपर वाचत बसले. अर्धा तास झाला तरी पान उलटेना.

"अहो, मी अख्खं थालीपीठ खाल्लं," मी म्हणाले.

त्यांनी उठून डॉक्टरांना गाठलं आणि केसपेपर दुरुस्त करून घेतला. डॉक्टर म्हणाल्या, असेलही तेच, पण आजार नाही हे बघितल्याशिवाय सांगता येणार नाही.

सकाळी दुर्बिणीत मेथीचा गोळा सापडला. तो धुऊन काढला. आजाराचा मागमूस नव्हता. ही बातमी घेऊन यजमान आत आले, खुर्ची ओढून पलंगाला टेकवली.

"मला वाटलं, तू चाललीस," ते म्हणाले. "यापुढे उरेल तेवढं पानात टाकत जा. तुझं उष्टं मी खाईन."

मी मुकाट्यानं हो म्हणाले, आणि मग मला रडू आवरेना.